रतनमामाची उजवी वहाण

मी उजवी वहाण बोलतेय. डावी माझ्या शेजारीच टांगलेली आहे, पण ती बोलणार नाही. ती जन्मापासून मुकी आहे, आणि तिला तसं मुद्दाम केलेलं आहे. आम्हा दोघींत आवाज फक्त मला दिला गेला.

माझा जन्म धुळ्याचा. पांझरा नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत तोताराम नावाचे कारागीर वहाणा करत. चौसष्ट साली, दिवाळीनंतरच्या एका सकाळी त्यांच्यासमोर एक किडकिडीत गृहस्थ येऊन उकिडवे बसले. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला खाकी पिशवी, आवाज इतका हळू की तोतारामांना हातातली आरी थांबवून ऐकावं लागलं.

"मला करकर वाजणारी वहाण पाहिजे," ते म्हणाले. "माणूस दिसायच्या आधी तो येतोय हे कळलं पाहिजे."

तोतारामांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लगीन शे का?"

"नाटक आहे."

"राजाना पार्ट शे?"

"नाही. वाईट माणसाचा."

तोताराम हसले. त्यांनी तळाच्या दोन चामड्यांमध्ये एक वाळकं, वाकडं रानबी बसवलं आणि वरून शिवण घातली. पाय दाबला की दोन चामडी त्या बीवर घासणार आणि आवाज येणार. हा त्यांच्या धंद्यातला जुना प्रकार होता. पण त्यांनी तो फक्त माझ्यात केला. डावीत बी घातलं नाही.

"दोन्ही वाजन्यात ते बैलगाडी येस," ते म्हणाले. "एकच वाजनी ते मानूस येस."

त्या गृहस्थांनी आम्हाला पायात घातलं आणि गल्लीत दहा पावलं टाकली. करकर, मग काही नाही. करकर, मग काही नाही. समोरच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर केली. तेवढं पाहून गृहस्थ खूष झाले.

त्यांचं नाव गिरधर. घर जळगावला मेहरूणमध्ये, नोकरी धुळ्याच्या जिल्हा परिषदेत. ते गावोगाव जाऊन मुलांना देवीची लस टोचत. खेड्यात त्यांना कोणी 'देवी डॉक्टर' म्हणत, बहुतेक जण नुसतं 'नाना' म्हणत. सुट्टीच्या दिवसांत ते आणि त्यांच्या कचेरीतले काही जण नाटक बसवत. नाटक एका मास्तरांनी लिहिलं होतं. त्याचं खरं नाव मला आता आठवत नाही, कारण लोक त्याला 'रतनमामा' एवढंच म्हणत.

त्यात रतनमामा नावाचा माणूस आपल्या विधवा बहिणीची जमीन मिळावी म्हणून तिच्या एकुलत्या एका मुलाला विहिरीकडे नेतो. खानदेशात भाऊ म्हणजे माहेर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात आणि भावाची गाणी म्हणतात. अशा मुलखात वाईट मामा रंगवायचा म्हणजे लोकांच्या वर्मावर बोट ठेवण्यासारखंच होतं.

माणसं चेहऱ्याकडे पाहून माणूस ओळखतात. आम्ही पायाच्या अंगठ्यावरून ओळखतो. वहाणेच्या कडीत अंगठा अडकलेला असतो आणि मनात काही आलं की तो आधी हलतो. नाना भ्याले, रागावले किंवा विचारात पडले की त्यांचा अंगठा मला घट्ट धरत असे. तोंडावर मात्र काहीच दिसत नसे.

पहिला प्रयोग जळगावला झाला आणि तो पडला. नानांनी भुवया रंगवल्या होत्या, जाड मिशी चिकटवली होती आणि ते गडगडाटी हसत होते. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "ओ नाना, घसा बसंल!" सगळे हसले. नाना पुढची वाक्यं म्हणत राहिले, पण त्यांचा अंगठा माझ्या कडीत इतका रुतला की तो वळ महिनाभर गेला नाही.

नंतर रजेच्या दिवशी ते मेहरूणच्या तलावाकाठी चालण्याचा सराव करू लागले. पाच पावलं जायचं, थांबायचं, वळायचं, पुन्हा पाच पावलं. काठावर धुणं धुणाऱ्या एका बाईने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "भाऊ, वहान चावस का? पाय मोजी मोजी टाकी ऱ्हायनात."

"चावत नाही, अक्का. बोलते."

"मंग तिले सांगा, जरा मोठ्यानी बोल. आमले धुनं धोताना करमत नही."

चालणं जमलं, पण रतनमामा काही जमेना. तो सापडला रावेरकडच्या एका मळ्यात. नाना तेव्हा आपल्या बहिणीकडे पाहुणे म्हणून गेले होते. केळीच्या गाड्या भरणाऱ्यांच्या मुलांना लस टोचलेली नव्हती, म्हणून तिथल्या टोचणाऱ्याच्या मदतीला ते सहज उभे राहिले. एक मुलगा रडत होता. नाना त्याच्यासमोर खाली बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "नाव काय तुझं? जेवलास का?" त्यांनी त्याच्या बाहीचं बटण सावकाश काढलं. मुलगा गप्प झाला आणि त्याने हात पुढे केला. सुई टोचून झाल्याचं त्याला उशिरा कळलं.

नाना उठले आणि तिथेच उभे राहिले. त्यांचा अंगठा घट्ट झाला होता. त्यांच्या मनात काय आलं ते मला तेव्हा समजलं नाही. पुढच्या प्रयोगात समजलं.

त्या प्रयोगात मिशी नव्हती आणि हसणंही नव्हतं. तोंडाला थोडा रंग आणि कपाळावर एक काळी आठी, एवढंच. आधी पडद्यामागून माझा आवाज गेला. करकर. थांबणं. करकर. मग रतनमामा आला, भाच्यासमोर खाली बसला आणि हळू म्हणाला, "जेवलास का रे, भाचा?" भाच्याच्या बाहीचं बटण उघडं होतं. ते त्याने नीट लावलं. मग त्याचा हात धरला आणि तो विहिरीकडे चालू लागला. पाच पावलांनंतर तो थांबला. माझा आवाजही थांबला. त्या शांततेत बायकांच्या रांगेतून हुंदका आला.

नाना नंतर मास्तरांना म्हणाले, "तो स्वतःला वाईट समजतच नाही हो. मी मुलांशी बोलतो तसाच बोलतो तो. फक्त तो मुलाला कुठे नेतोय, ते लोकांना ठाऊक असतं."

एक गोष्ट मात्र मलाच ठाऊक होती. रतनमामा होताना नानांचा अंगठा अगदी सैल असे, झोपलेल्या माणसासारखा. आणि खऱ्या मुलाला सुई टोचताना तो घट्ट असे. लोक समजत त्याच्या नेमकं उलटं.

तीन वर्षं नाटक गावोगाव फिरलं. बायकांनी नानांना शिव्या दिल्या, एका गावी पायतण फेकून मारलं. नानांनी ते उचलून परत नेऊन दिलं आणि म्हणाले, "शिवण चांगली आहे, सांभाळा." मी ज्या दिवसांबद्दल सांगणार आहे ते दिवस अडुसष्ट सालचे.

पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला सागझिरे नावाचं गाव आहे. तिथे आखाजीला प्रयोग ठरला. गावचे पाटील छगनभाऊ यांनी स्वतः बैलगाडी पाठवली होती. त्या गावात एक चाल होती. नाटकात किंवा सोंगात ज्याने वाईट माणसाचं काम केलं, त्याने खेळ संपल्यावर गाव सोडायचं नाही. सकाळी त्याला चौकात पाटावर बसवत. खेळात ज्या बाईवर त्याने अन्याय केला, तिच्या जागी गावातली एक सवाष्ण येई, त्याच्या तोंडावरचा रंग पाण्याने धुई आणि आपल्या हाताने त्याला सांजोरीचा घास देई. मगच त्याचं सोंग उतरलं असं म्हणत. रावणाचं काम करणाऱ्यालाही हे चुकलं नव्हतं.

प्रयोग चांगला झाला. जरा जास्तच चांगला झाला. गावातल्या मुलांनी नाटक असं कधी पाहिलं नव्हतं. रतनमामाने बटण लावलं तेव्हा पुढच्या रांगेतली एक चार-पाच वर्षांची मुलगी उठून पळाली. तिचं नाव तुळसा, कमलबाईची मुलगी.

पडदा पडायच्या सुमारास पिंपळनेरहून सायकलवर एक शिपाई चिठ्ठी घेऊन आला. साक्रीकडे देवीचा एक रोगी सापडला होता आणि सगळ्या टोचणाऱ्यांना ताबडतोब बोलावलं होतं. नानांनी सामान गोळा केलं.

छगनभाऊ म्हणाले, "नाना, सोंग उतारनं शे ना."

"येतो ना परत. उद्या-परवा येतो."

"रंग ते धुई घ्या."

"वाटेत नदी आहे." आणि नाना सायकलच्या मागे बसून गेले. नदीवर त्यांनी तोंड धुतलं. रंग गेला. नानांच्या मनातून रतनमामाही गेला, कारण तो तिथे कधी राहतच नव्हता. पण सागझिऱ्यात तो राहिला होता.

उद्या-परवाचा महिना झाला. नाना त्या महिन्यात पाच-सहा गावं पायी फिरले. मग बातमी आली की सागझिऱ्याच्या पलीकडच्या पाड्यावर एका मुलाच्या अंगावर फोड आले आहेत. पाडा गावापासून हाकेच्या अंतरावर. दोन्हीकडची मुलं एकाच ओढ्यावर खेळत. गावातल्या लहान मुलांना अजून लस मिळाली नव्हती. नाना लशीची पेटी घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले.

आम्ही गावात शिरलो तेव्हा रस्त्यावर मुलं विटीदांडू खेळत होती. करकर. एका मुलाने कान टवकारले. करकर.

"रतनमामा उना! रतनमामा उना!"

क्षणात रस्ता रिकामा झाला. विटी तिथेच पडून राहिली. मी पुष्कळ गावं पाहिली, पण माझ्या आवाजाने गाव असं रिकामं झालेलं तेव्हाच पाहिलं. रंगमंचावर ज्याचा मला अभिमान वाटत असे, त्याची त्या दिवशी मला लाज वाटली. नाना पाऊल हलकेच टाकू लागले, पण हलकेच दाबलं तरी मी वाजतेच.

कमलबाई दारात उभी होती. तुळसा धान्याच्या कणगीमागे लपली होती. तिच्या अंगात भावाचा जुना शर्ट होता. त्याची बाही तेवढी कणगीच्या कडेने दिसत होती. नाना ओसरीवर खाली बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुळसा, जेवलीस का?"

आतून किंकाळी आली.

नानांचा अंगठा वळला. मला वाटतं, त्यांना तेव्हा खरी गोष्ट कळली. रतनमामाचा तो गोड आवाज त्यांनी कुठून बाहेरून आणला नव्हता. आपल्या रोजच्या कामातला एकुलता एक चांगला आवाज त्यांनी त्याला दिला होता. आता तो आवाज या गावात रतनमामाचा झाला होता, आणि मुलांशी बोलायला नानांकडे दुसरा नव्हता.

"नाना, तुमी भला मानूस शेतस," कमलबाई खाली पाहत म्हणाली. "पन पोर थरथर कापस. मी काय करू?"

दुसऱ्या घरी तसंच झालं. तिसऱ्या घरी दारच उघडलं नाही. छगनभाऊ धावत आले.

"नाना, मी दोन गडी धाडी देस. पोरेसले उचलीसन आणतस. घटकाभर रडतीन अन गप्प व्हतीन."

"नको," नाना म्हणाले. "धरून आणलेलं मूल पुढच्या वेळी डोंगरात पळतं आणि सोबत अजून चौघांना नेतं. मी पाहिलंय, भाऊ."

"पन पाड्यावरना पोऱ्या आजारी शे. दोन दिसमा आठे येई ते?"

पेटी मांडीवर घेऊन नाना मारुतीच्या पारावर बसून राहिले. लस टोचायला जेमतेम सकाळचा वेळ लागला असता, आणि दुपार होत आली तरी पेटीचं झाकणही उघडलं नव्हतं.

तेव्हा भिकुबाई आल्या. गावातल्या सगळ्यात वयस्कर. बाळंतपणं त्याच करत, म्हणून अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. त्यांनी काठी टेकली आणि नानांच्या तोंडाकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं.

"नाना, तुनं सोंग उतरनं नही."

"अक्का, मी त्याच दिवशी तोंड धुतलं."

"तू धुतं. गावनी नही धुतं."

"ते नाटक होतं अक्का. मुलं लहान आहेत, आपण तरी..."

"मी कोठे म्हनस का ते खरं व्हतं?" भिकुबाई म्हणाल्या. "नाटकच व्हतं. पन नाटक संपनं हाई पोरेसले कोन सांगीन? तू ते सायकलवर बशीसन निंघी गया. त्यासना डोळामा रतनमामा आजून हिंडी ऱ्हायना."

नानांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. ते शिकलेले होते. पाट, पाणी, घास यांनी काही होतं असं त्यांना वाटत नव्हतं. पण म्हातारीचं बोलणं त्यांना नाटकवाला म्हणून कळलं. पडदा पाडल्याशिवाय ते निघून गेले होते.

"चला," ते म्हणाले. "पण रंग नसताना उतरवणार काय? आधी सोंग चढवावं लागेल."

छगनभाऊंनी दवंडी दिली. मुलं आईच्या पदराआडून, ओट्यावरून, छपरावरून पाहू लागली. भर उन्हात, रंग नाही, पडदा नाही, पेट्रोमॅक्सचा उजेड नाही. नाना देवळामागे गेले आणि तिथून आम्ही निघालो. करकर. थांबणं. करकर.

मी त्यांच्यासोबत कितीतरी प्रयोग केले. तसा रतनमामा मी एकदाही पाहिला नव्हता. चौकात येऊन तो उभा राहिला तेव्हा मोठी माणसंही मागे सरली. तोंड नानांचंच, कपडे नानांचेच, आणि तरी नाना त्यात कुठे नव्हते. फक्त मला ठाऊक होतं की या वेळी अंगठा सैल नाही. तो मला इतका घट्ट धरून होता की माझी कडी तुटते की काय असं वाटलं.

छगनभाऊ भाचा म्हणून खाली बसले होते. एवढा मिशीवाला भाचा पाहून एक-दोन मुलं खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. रतनमामा त्यांच्यासमोर वाकला. "जेवलास का रे, भाचा?" त्याने बाहीच्या बटणाला हात घातला.

आणि तो थांबला. सरळ उभा राहिला. त्याने पाय उचलला, मला काढलं आणि हातात धरून सगळ्यांना दाखवलं.

"हा आवाज हिचा आहे," नाना म्हणाले. "माझा नाही. धुळ्याच्या तोतारामांनी हिच्या पोटात एक बी घातलंय. कोणालाही वाजवता येते. या बघा." त्यांनी मला हाताने दाबलं. करकर. "आणि मी थांबतो ना, ते तुम्ही घाबरावं म्हणून थांबतो. मनात एक, दोन, तीन मोजतो. बाकी काही नसतं. आणि जेवलास का, हे मी रोजच विचारतो. ते रतनमामाने माझ्याकडून चोरलं. आज परत घ्यायला आलोय."

एखाद्या जादूगाराने आपली पोतडी चौकात उलटी करावी तसं ते होतं. त्या गावात रतनमामा पुन्हा कधीच कोणाला भिववणार नव्हता. नानांना ते कळत होतं. छगनभाऊंच्या समोर मला ठेवून, डावीही काढून ते अनवाणी मागे सरले.

कोणी पुढे येईना. मग तुळसा आली. भावाच्या शर्टाच्या बाह्या तिच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. तिने एक पाय माझ्यावर ठेवला. तो माझ्या अर्ध्यापर्यंतही पोचत नव्हता. तिने जोर दिला. मी वाजले. तिने पाय काढला, पुन्हा ठेवला. मी पुन्हा वाजले. तिसऱ्या वेळी तिने मनात एक, दोन, तीन मोजलेलं मला तिच्या पायातून कळलं. मग ती हसली.

त्यानंतर माझ्यावर इतके पाय पडले की मी मोजणं सोडून दिलं.

कमलबाईने नानांना पाटावर बसवलं, तोंडावर तांब्याने पाणी घातलं. आखाजी होऊन महिना झाला होता, तरी भिकुबाईंनी कुठून तरी सारण मिळवून सांजोरी तळून आणली होती. कमलबाईने घास पुढे केला. तेवढ्यात तुळसा मध्ये आली आणि नानांसारखाच आवाज हळू करून म्हणाली, "नाना, जेवनात का?"

सगळा चौक हसला. नाना घास तोंडात घेऊन हसले, मग त्यांना ठसका लागला, आणि मग त्यांनी बराच वेळ टोपीने तोंड पुसलं.

तुळसाने बाहीचं बटण स्वतः काढलं आणि हात पुढे केला. बटण काढायला तिला वेळ लागला, पण नानांनी मदत केली नाही. ते थांबले. दिवस मावळायच्या आत गावातलं एकही लहान मूल लस न टोचता राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाना पाड्यावर गेले. तिथला आजारी मुलगा वाचला. त्याचा एक डोळा थोडा अधू राहिला. सागझिऱ्यात देवी आल्या नाहीत.

निघताना नाना माझ्याकडे पाय नेत होते. भिकुबाईंनी काठी आडवी धरली.

"सोंग आठेच ऱ्हावाले पाहिजे. पायमा घालीसन नेशी ते पुढला गावमा तेच व्हई."

नानांनी आम्हाला उचलून त्यांच्या हातात दिलं आणि ते तापलेल्या रस्त्याने अनवाणी गेले. मागे वळून पाहिलं नाही. मी तक्रार करत नाही. वहाणेच्या नशिबात बहुतेक झिजून उकिरड्यावर जाणं असतं. कोणी आपल्याला समजून-उमजून मागे ठेवतं, हे थोड्या जणींना मिळतं.

भिकुबाईंनी आम्हाला दारावरच्या खुंटीला उलटं टांगलं. घराला दृष्ट लागू नये म्हणून. माणसांची ही रीत मला गमतीची वाटते. ज्या वहाणेला भिऊन मुलं पळत होती, तीच आता मुलांची राखण करते. पहिली दोन वर्षं मुलं मला वाजवायला येत. मग ती मोठी झाली आणि शेतावर जाऊ लागली. उन्हाने माझं चामडं आवळलं. एका पावसाळ्यात डावीला बुरशी आली. देवी काढणारे यायचे बंद झाले, कारण म्हणे आता देवीच राहिल्या नाहीत. नानांची बदली झाली असं कोणी म्हणे, कोणी म्हणे ते मुंबईला नाटकाच्या स्पर्धेत गेले आणि तिथेच कामं मिळू लागली.

आता सन अठ्ठ्याहत्तर चालू आहे. गेल्या दिवाळीला तुळसाचा मामा तिला मुंबई दाखवायला घेऊन गेला. तुळसा आता मोठी झाली आहे, पिंपळनेरच्या शाळेत जाते आणि फारशी कोणाशी बोलत नाही. परत आल्यावर ती सरळ भिकुबाईंकडे आली. भिकुबाईंना आता दिसत नाही. त्या दारातच बसून असतात, माझ्याखाली.

"अक्का, मी नानाले देखं."

"कोठे वं?"

"मामाना शेजारीकडे टेलिव्हिजन शे. पेटी ऱ्हास, तिन्हामा नाटक दखाडतस. नाना वाईट मानूस व्हता."

"करकर वाजनी का?"

"नही. पायमा बूट व्हता, काहीच आवाज नही. पन तो दारमा थांबना." तुळसाने आवाज हळू केला. "करकर व्हवाले जितला येळ लागस ना, तितलाच. मंग घरमा उना. एक पोऱ्या व्हता, त्यानं बटन लावं, अन विचारं, जेवलास का."

"मंग तू हासनी व्हशी. तुले ते बठ्ठं माहीत शे."

तुळसाने मान हलवली. "नही हासनी. माले बठ्ठं माहीत व्हतं, तरी भ्याव वाटनं."

मी हे खुंटीवरून ऐकलं. दहा वर्षांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं. माझ्याशिवाय त्यांना जमलं. आणि तरी जिथे मी वाजले असते ती जागा त्यांनी रिकामी ठेवली होती.

तुळसाने पुढे सांगितलं की त्या खोलीत पंधरा-वीस माणसं दाटीने बसली होती. एक बाई म्हणाली, "हा माणूस घरीही असाच नीच असणार, डोळ्यांवरूनच कळतं." सगळ्यांनी माना हलवल्या. तुळसाला सांगायचं होतं, पण अनोळखी माणसांत तिला बोलता येत नाही.

"मंग तू काय करं?" भिकुबाईंनी विचारलं.

"काहीच नही. बाही वर करी अन वन दखत बसनी."

भिकुबाईंनी हात पुढे केला. तुळसाने आपला दंड त्यांच्या हाताखाली दिला. म्हातारीने बोटाने लशीचा तो गोल, खडबडीत वण चाचपला आणि मान हलवली.

जाताना तुळसाने मला खुंटीवरून काढलं, माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि थोडं करडईचं तेल चोळलं. मग मला जमिनीवर ठेवून तिने पाय घातला. आता तो बरोबर बसतो. तिने हळूच जोर दिला.

मी फार मोठ्याने वाजले नाही. पण भिकुबाईंनी मान वर केली.

माझं सांगणं एवढंच. पुढे केव्हा गावात, केव्हा त्या पेटीत एखादा वाईट माणूस तुम्हाला दिसेल आणि त्याचा मनापासून राग येईल. त्याला खुशाल शिव्या द्या. त्याच्या कामाचं ते कौतुकच आहे. फक्त खेळ संपल्यावर उठून जाण्याआधी थोडं थांबा. मनात एक, दोन, तीन मोजा, आणि तो जेवला का ते कोणीतरी त्याला विचारा.